पंधरावी बँक

रविवार, २० जुलै १९६९. मेहकर. सकाळी ६.४०

मी घाबरलेलो नाही, हे प्रथम नमूद करतो.

काल साडेआठ वाजता घरमालक जानराव यांच्या ओसरीवर रेडिओ ऐकला. पंतप्रधानांचे भाषण झाले. सरकारने चौदा बँका ताब्यात घेतल्या. परदेशी बँका वगळल्या.

माझी बँक परदेशी आहे. एल्डर्टन बँक लिमिटेड. शाखा मुंबई, मुख्य कचेरी लंडन. १९४६ साली खामगावी इंग्रज कापूस कंपनीत मी हिशेबनीस असताना मॅकफर्सनसाहेबांनी स्वतःच्या हाताने माझा फॉर्म भरून पाठविला होता. पुढे साहेब गेले, कंपनी गेली आणि मी मेहकरच्या खरेदी-विक्री संघात आलो. खाते मात्र जेथल्या तेथे. तेवीस वर्षांची बचत. आजची शिल्लक रु. ८,६५०. एखादी देशी बँक बुडाल्याची बातमी आली की मी संघाच्या कचेरीत चहाला दोन मिनिटे जास्त बसत असे. कोणी विचारलेच तर सांगता यावे म्हणून.

त्यामुळे काल प्रथम अभिमानच वाटला. घरी येऊन सौ.ला तसे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चवदा घेतल्या ना सरकारनं? मंग तुमचीच काऊन सोडली जी? आपुन बाजारात भेंडी घेतो तं निबर भेंडी टोपल्यातच सोडतो ना?"

सौ. विमल चौथी पास आहे. मी १९४३ चा बी.कॉम., द्वितीय श्रेणी. तिच्या म्हणण्याचे वजन किती धरावयाचे हे मला कळते.

झोप लागली नाही. उकाडा होता.

सकाळी घड्याळ लावून नाडी मोजली. ९६. निश्चय: या विषयावर कोणाशीही बोलावयाचे नाही.

सोमवार, २१ जुलै

माणूस चंद्रावर उतरला. संघाचे शिपाई निवृत्ती यांनी सर्वांना पेढे वाटले; जणू त्यांचा मेहुणाच उतरला आहे.

कोणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट मी येथे लिहून ठेवतो. जे लोक अडीच लाख मैल जाऊन परत येऊ शकतात, त्यांच्या इंग्रज भाऊबंदांना माझे ८,६५० रुपये मुंबईहून लंडनला नेणे कितीसे अवघड?

बँकेस पत्र क्र. १ रजिस्टर पोस्टाने रवाना. विषय: ठेवीची सुरक्षितता. भाषा संयत, इंग्रजी उत्तम. प्रत ठेवली.

गुरुवार, २४ जुलै

महत्त्वाचे. जानराव संध्याकाळी आले. मुलाकडे अकोल्याला कायमचे राहावयास जात आहेत. आम्ही राहतो ते घर विकणार. म्हणाले, "पयले तुमाले इचारून राह्यलो, शालिग्रामजी. एकोणीस वर्सं झाले तुमाले इथं. साडेआठ हजार. दसऱ्यापर्यंत थांबतो; मंग मीबी कोनाले थांबवू नाही शकत."

दोन खोल्या, ओसरी, मागे अंगण, गोड पाण्याची विहीर, सौ.ने लावलेले लिंबू. किंमत वाजवी आहे.

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जानराव गेल्यावर तिने इतकेच विचारले, "मंग खिळा ठोकता येईन?"

खुलासा: १९५० साली घर भाड्याने देताना जानरावांनी एकच अट घातली होती. भिंतीत खिळा मारावयाचा नाही, पांढऱ्या मातीचा पोपडा निघतो. आम्ही ती अट काटेकोर पाळली. तिच्या भावाने लग्नात दिलेला आरसा एकोणीस वर्षे ज्वारीच्या कोठीवर टेकून उभा आहे. वेणी घालताना ती त्याच्यापुढे वाकून बसते. एल्डर्टन बँक दर जानेवारीत आपले कॅलेंडर पाठविते, जहाजाचे रंगीत चित्र असलेले. तेही कपाटावर भिंतीला टेकून ठेवावे लागते आणि वारा आला की पडते.

मी म्हणालो, ठोकता येईल. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

पैसे तयार आहेत. फक्त ते मुंबईत आहेत आणि त्यांच्याभोवती इंग्रज आहेत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

उत्तर आले. पोस्टमन तुळशीराम लांबूनच ओरडला, "बीकॉमसाहेब, लंडनवाल्याचं पत्र आलं! पैसे हायेत म्हणते का गेले?" या गृहस्थास ही माहिती कोठून मिळाली? मी कोणाशीही बोललेलो नाही. फक्त संघाचे व्यवस्थापक, दोन कारकून, निवृत्ती, जानराव आणि बालाजीच्या देवळात भेटलेले एक-दोघे यांची मते घेतली. तीही नाव न घेता, "समजा एखाद्या माणसाचे" अशा स्वरूपात.

पत्र चार ओळींचे. त्याचा आशय असा की आपली ठेव पूर्णपणे सुरक्षित आहे, चिंता नसावी.

चिंतेचा उल्लेख मी केलाच नव्हता. त्यांना चिंता कोठून सुचली? शिवाय नुसते "सुरक्षित" पुरले असते. "पूर्णपणे" हा शब्द घालण्याची गरज का भासली? सही मुंबईच्या एका पारशी अधिकाऱ्याची. म्हणजे इंग्रज सही करावयास जागेवर नाहीत.

नाडी १०२. जेवण अर्धे.

शनिवार, ९ ऑगस्ट

पत्र क्र. २. तीन प्रश्न विचारले: आपल्या शाखेत सध्या किती इंग्रज अधिकारी आहेत; त्यांपैकी रजेवर किती; रजेवरील अधिकारी परत येणार आहेत काय.

सौ. म्हणाली, "एवढे कागद कायले लिहिता जी? एक चेक लिवा, आपल्या गावच्या बँकीत टाका. पैसे येतीन तं येतीन." तिला समजावून सांगितले. गावच्या बँकेत चेक टाकला तर तो वसूल होऊन येण्यास तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात काय होईल हे कोणी सांगावे? दुसरे असे की काउंटरवरचा कारकून नाव वाचणार, ते गावभर करणार. त्यातून मुंबईस वार्ता जाईल की जुने, जाणकार ठेवीदार पैसे काढीत आहेत. सगळेच धावत सुटतील. बँक माझ्यामुळे बसेल. एवढे मोठे पाप मी डोक्यावर घेणार नाही.

ती म्हणाली, "तुमच्या साडेआठ हजारानं लंडन बसते?"

मी पाकिटावर तिकिटे लावली.

सोमवार, १८ ऑगस्ट

ठेव विम्याचे नियम मिळविले. बँक बुडाली तर दर ठेवीदारास पाच हजारांपर्यंत भरपाई. नियम परदेशी बँकांसही लागू. म्हणजे पाच हजार सुरक्षित. उरलेले रु. ३,६५० उघड्यावर.

भय एकदम ८,६५० वरून ३,६५० वर यावयास पाहिजे होते. गणिताने तसेच होते. छातीतली धडधड मात्र तेवढीच राहिली. कदाचित पित्त असेल.

बुधवार, २७ ऑगस्ट

संघात मुंबईचे वर्तमानपत्र एक दिवस उशिरा येते. त्यातील जहाजांच्या येण्याजाण्याचे सदर आता रोज वाचतो. आजच्या अंकाप्रमाणे एक जहाज लंडनकडे सुटले. मालाचे वर्णन दिलेले नाही.

सुएझचा कालवा बंद असल्याने त्यास आफ्रिकेला वळसा घालून जावे लागेल. हा एकच दिलासा.

पत्र क्र. २ चे उत्तर नाही. पत्र क्र. ३ पाठविले, त्यात पत्र क्र. २ चे उत्तर न येण्याची कारणे मागविली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

काल पोळा झाला. बँकेकडून छापील कार्ड आले. "आपली पत्रे मिळाली. आभारी आहोत." छापील. म्हणजे अशी पत्रे इतकी येत आहेत की कार्डेच छापून घ्यावी लागली!

कचेरीत रोजमेळाची बेरीज आज दोनदा चुकली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच. शाई पातळ होती.

जानरावांनी अंगणात भेटून विचारले, "जमून राह्यलं ना?" मी म्हणालो, जमल्यातच जमा. आत येऊन नाडी मोजली नाही. काही गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

उपाय सापडला. इतका सोपा की मलाच आश्चर्य वाटले.

आपल्या बाजारात भगवंतराव अडते आहेत. वडिलांपासून हुंड्या वटविण्याचा धंदा. मुंबईची हुंडी किंवा चेक द्या. ते वटाव, म्हणजे आपली टक्केवारी, कापून तेथल्या तेथे रोख देतात आणि पुढची वसुली आपली आपण पाहतात. महिन्यातून एकदा कापसाच्या कामाने मुंबईस जातातच. मुंबईच्या चेकचा बाजारातील वटाव शेकडा पाऊण रुपया. संघाच्या वह्यांत मी तो शंभरदा लिहिला आहे.

आठ हजार सहाशे चाळीसचा चेक द्यावयाचा. दहा रुपये खाते चालू राहण्यापुरते ठेवावयाचे. पाऊण टक्क्याने वटाव रु. ६४.८०. हाती रु. ८,५७५.२०. घर घेऊन वर पंचाहत्तर रुपये वीस पैसे उरतात. लंडन गेले खड्ड्यात.

सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "भगवंतराव? तो तं समोरच्याचा जीव पाहूनच भाव करते म्हणे." मी म्हणालो, व्यवहार कागदावर होतो, जिवावर नाही. खिळ्यासाठी तिने लोहाराकडे निरोप धाडला आहे. चार खिळे. मी दोन म्हणालो होतो.

रविवार, २१ सप्टेंबर

उद्याची तयारी. माल विकणाऱ्याने मालाचे दोष लपवू नयेत, हे मी वाणिज्य शाखेत शिकलो आणि आजवर पाळले. भगवंतरावांना अंधारात ठेवून चेक देणे माझ्याने होणार नाही. म्हणून एक टिपण तयार केले. फुलस्केप दोन पाने, समास सोडून.

भाग पहिला: परदेशी बँकेपासून संभवणारे धोके (अकरा). भाग दुसरा: बँकेशी झालेला पत्रव्यवहार व त्यातील संशयास्पद शब्द. भाग तिसरा: ठेवीदाराची निकड. यात घराचे वर्णन, विहिरीच्या पाण्याची गोडी, जानरावांची किंमत व दसऱ्याची मुदत.

वाचून पाहिले. अतिशय प्रामाणिक उतरले आहे. वाचताना मलाच घाम फुटला.

सोमवार, २२ सप्टेंबर. सायंकाळ

व्यवहार झाला. क्रमाने लिहितो.

पेढीवर गेलो. भगवंतराव लोडाला टेकून बसले होते. म्हणाले, "या, या बीकॉमसाहेब! आज चंद्र इकडं कसा उतरला?" मी टिपण पुढे केले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाने वाचली. मधूनमधून "अरे बाप रे" असे म्हणत होते. अकराव्या धोक्यापाशी तर त्यांनी मुनिमाला पाणी आणावयास सांगितले. ते मलाच दिले.

त्यांच्या पेढीवर वटाव तोंडाने ठरत नाही. आजूबाजूला चार गिऱ्हाईके बसलेली असतात, म्हणून उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटे दाबतात. एक बोट म्हणजे शेकडा एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. सव्वीस वर्षे मी या व्यवहारांच्या नोंदी केल्या. उपरण्याखाली स्वतःचा हात मात्र आज प्रथमच घातला.

त्यांनी आधी एकच बोट धरले. शेकडा एक. मी पाऊण म्हणणारच होतो. तेवढ्यात त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. म्हणाले, "हात थंडा पडला तुमचा, बीकॉमसाहेब. अन् कापून काऊन राह्यला?"

मी सांगितले की मला थंडीचा त्रास आहे.

"सप्टेंबरात?" ते म्हणाले. मग सहज विचारले, "समजा मी नाहीच घेतला हा चेक, तं?"

माझ्या हाताने काय केले ते मला ठाऊक नाही. मी तो हलविला नाही. परंतु उपरण्याखाली त्यांना काहीतरी कळले असावे, कारण त्यांनी "बरं बरं" म्हणत मनगटावर थोपटले, संघाच्या गाडीच्या बैलाला नाल ठोकताना थोपटतात तसे. नंतर पूर्ण पंजा दाबला. मी थांबलो. पुन्हा पंजा. मी दुसऱ्या हाताने टोपी सरळ केली. पुन्हा पंजा. शेवटी तीन बोटे.

शेकडा अठरा.

बाहेर चारचौघे पाहत होते. उपरण्याखाली एकदा हात दिल्यावर तो ओढून घेणे बाजारात बरे दिसत नाही. शिवाय मला वाटले, हा मनुष्य उठून गेला तर?

रु. ८,६४० वर वटाव रु. १,५५५.२०. हाती रु. ७,०८४.८०. भगवंतराव सात हजार पंच्याऐंशी देत होते. मी वीस पैसे परत केले. व्यवहार म्हणजे व्यवहार.

टिपण त्यांनी ठेवून घेतले. म्हणाले, "लई बेस लिवलं आहे. फुरसतीनं वाचतो."

सोमवार, २२ सप्टेंबर (पुढे चालू)

थंड डोक्याने हिशेब केला. विम्याबाहेरचे रु. ३,६५० जवळजवळ गेल्यातच जमा होते. त्यांपैकी केवळ १,५५५.२० देऊन मी २,०९४.८० वाचविले. हा नफाच आहे. एल्डर्टन बँकेतील उरलेले दहा रुपये मी धैर्याने तेथेच ठेवले आहेत.

घरासाठी रु. १,४१५.२० कमी पडतात. सौ.ने हिशेब ऐकला. मग आत जाऊन हातातल्या पाटल्या काढून आणल्या आणि माझ्या वहीवर ठेवल्या. म्हणाली, "मोडा ह्या. आईच्या हायेत, पन मोडा. घर काही थांबत नाही."

मी त्या परत दिल्या. रोख पैसा हाती असलेल्या माणसाला विकणारा भावात सूट देतो, हे बाजाराचे तत्त्व तिला ठाऊक नाही. जानराव म्हातारे आहेत, घाईत आहेत. दसऱ्याच्या तोंडावर गेलो की सात हजारांत देतील. तोपर्यंत घाई दाखवावयाची नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

सात हजार घरात आहेत. ज्वारीच्या कोठीत, मधोमध, मेणकापडात गुंडाळून. मागच्या दाराला दुसरी कडी लावली. कुत्रे भुंकले की उठतो.

कुत्री फार वाढली आहेत.

सोमवार, ६ ऑक्टोबर

भगवंतराव आज संघात आले. सर्वांदेखत म्हणाले, "बीकॉमसाहेब, तुमची बँक म्हनजे काय बँक हाय! मी चेक दिला, काउंटरवरच्या पोरीनं पाहिला, हसली, अन् पुरे आठ हजार सहाशे चाळीस मोजून दिले. दहा मिन्टं लागले. वरून चहा. म्या तिथंच आपलं खातं उघडून टाकलं."

मी म्हणालो, वरवर सगळे ठीकच दिसते. त्यांनी माझ्या टिपणातील सातवा धोका पुन्हा वाचावा. ते म्हणाले, "वाचतो ना. पन मले तं तिसरा भागच लई आवडला. इहिरीचं पानी खरंच तेवढं गोड हाय?"

मी सांगितले, अत्यंत गोड.

नाडी ८४. सुधारणा आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दसरा चार दिवसांवर. सौ. रोज विचारते, जानरावांकडे कधी जाता. लोहाराकडून खिळे आले. ते तिने देव्हाऱ्याजवळच्या वाटीत ठेवले आहेत. आज म्हणाली, "भाव पाडता पाडता घर पडून जाईन हातचं." मी तिला धीर दिला. वाट पाहण्यातच कौशल्य असते.

खरे कारण येथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. दोनदा जानरावांच्या दारापर्यंत गेलो. कडी वाजविण्यासाठी हात वर केला. तो कापत होता. भगवंतरावांनी पाहिला तसा जानरावांनीही पाहिला तर, असे मनात आले आणि परत फिरलो. हात थोडा स्थिर होऊ द्यावा.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

काल दसरा. संध्याकाळी नवे धोतर, टोपी घालून सोने देण्यास जानरावांकडे गेलो. खिशात आपट्याची पाने व रु. ७,०८४.८०. हात पूर्णपणे स्थिर. येथे "पूर्णपणे" हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

जानरावांनी पाने कपाळाला लावली. मग खाली पाहत म्हणाले, "शालिग्रामजी, पोळ्यानंतर तुमी काही बोललेच नाही. शब्द दसऱ्याचा होता, पन मले वाटलं तुमचं मन नाही. गेल्या शुक्रवारी भगवंतराव आले, इसार देऊन गेले. साडेआठ हजार, एका शब्दात. भाव नाही, घासाघीस नाही. म्हने, बीकॉमसाहेबानं घराची तारीफ लिवून देली हाय, मले पाहाचीबी गरज नाही."

मी अभिनंदन केले. आणखी काय करणार?

घरी येऊन सौ.ला सांगितले. ती ज्वारीच्या कोठीवरचा आरसा पुसत राहिली. एकच जागा पुसत होती.

माझ्या वटावाचे रु. १,५५५.२० वजा जाता साडेआठ हजारांचे घर भगवंतरावांना रु. ६,९४४.८० ला पडले. त्या भावात माझ्या हातच्या रकमेतून एकशे चाळीस रुपये उरले असते. स्टँपचा बराचसा खर्च त्यातून निघाला असता. त्यांच्या बाजूने पाहता व्यवहार काटेकोर झाला आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर

जानराव अकोल्याला गेले. जाताना सौ.च्या हातावर लिंबांची पिशवी ठेवली. तिच्याच झाडाची.

घरभाडे आजपासून भगवंतरावांस देय. पूर्वी रु. २२ होते, आता २८. भगवंतराव म्हणाले, "तुमाले काही तरास नाही, जसे राहता तसे राहा, आपलंच घर समजा." मी पावती मागितली. दिली.

पाटल्या सौ.ने पुन्हा हातात घातल्या नाहीत. कोठे ठेवल्या, विचारले. म्हणाली, "तुमाले नाही सांगत. तुमी त्या जागेलेबी पत्र लिहून उत्तर मागवान."

सोमवार, १७ नोव्हेंबर

सात हजार अजून कोठीत आहेत. कोठे ठेवावेत? गावच्या बँकेत ठेवावेत तर ती आता सरकारची झाली. सरकार बदलले तर? पोस्टात ठेवावेत तर तेथे तुळशीराम आहे. भगवंतराव स्वतःहून म्हणाले, माझ्या पेढीवर ठेवा, सहा टक्के देतो. विचार करीन म्हणालो. ते आपली रोकड कोठे ठेवतात याची चौकशी केली.

एल्डर्टन बँकेत.

रविवार, ११ जानेवारी १९७०

सकाळी दहाच्या सुमारास भगवंतराव भाड्यासाठी आले. काखेत गुंडाळी. म्हणाले, "पहा बीकॉमसाहेब, तुमच्या बँकेनं काय धाडलं! मोठ्या गिऱ्हाइकालेच धाडते म्हने. पेढीवर जागा नाही. म्हटलं, तुमची जुनी ओळख हाय तिच्याशी, तुमच्याकडं लावतो."

एल्डर्टन बँकेचे १९७० चे कॅलेंडर. जहाज यंदा मोठे आहे. दहा रुपये शिल्लक असलेल्या ठेवीदारास बँकेने काही पाठविलेले नाही. चौकशी करावी लागेल.

भगवंतरावांनी भिंतीकडे पाहिले आणि विचारले, खिळा आहे काय. मी काही बोलण्याच्या आत सौ. आत गेली आणि देव्हाऱ्याजवळची वाटी घेऊन आली. त्यांनी एक खिळा निवडला आणि वरवंट्याने ओसरीच्या भिंतीत ठोकला. तीन ठोके. थोडा पोपडा पडला. घरमालक असल्याने त्यांना परवानगीची गरज नव्हती.

सौ.ने वाटी तशीच पुढे धरून विचारले, "भाऊ, हे तीनबी ठोकू का आतमंदी?"

"नाही, वहिनी," ते हळहळून म्हणाले, "पांढरी माती हाय. भिंत खराब होते."

ते गेले. मी भाड्याची पावती फाईलला लावीत होतो. सौ. ओसरीत आली. तिने कॅलेंडर काढून कपाटावर ठेवले, कोठीवरचा आरसा उचलला आणि त्या खिळ्याला अडकविला. मग समोर उभी राहिली. एकोणीस वर्षांत प्रथमच ताठ उभी राहून तिने वेणी घातली. माझ्याकडे पाहिले नाही. आरशात मात्र मी तिच्या मागे दिसत असणार.

म्हणाली, "भगवंतराव पुढच्या महिन्यात येतीन तवा काय सांगू?"

मी म्हणालो, घाबरण्याचे कारण नाही. एक टिपण तयार करतो.

ती म्हणाली, "नको जी."

दुपारी वाऱ्याने कॅलेंडर पडले. नाडी ९६.